घरी गिटार घडवायची आहे, आपल्याकडचं कोणतं लाकूड घेऊ?

सहा तारा

मंडळी, दुसऱ्या गिटारीच्या तयारीला लागलोय आणि लाकडावर येऊन अडलोय. जाणकारांनी मदत करावी म्हणून हा धागा.

आधी पहिलीची हकिकत. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास पुण्याबाहेरच्या एका सॉ मिलमधून आंब्याची दोन इंची फळी आणली. मालक म्हणाले, "वर्षभर पडून आहे, चांगलं सुकलंय." रंधा मारला तर आतून मधाच्या रंगाची, मध्येच शाईचा ओघळ उतरावा तशा काळ्या रेघा असलेली इतकी देखणी फळी निघाली की त्या दिवशी पुढचं काम केलंच नाही, नुसता हात फिरवत बसलो. मग दोन भाग करून मधोमध जोड दिला, टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारीचा आकार कापला, राउटरने खाचा पाडल्या. नेक, म्हणजे गिटारीची दांडी, तयार मागवला होता, तो बसवला. एप्रिलच्या शेवटी गिटार वाजायला लागली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात खालच्या टोकाला जोड उकलला. पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. पावसाळ्यात स्टँडखाली रोज सकाळी मैद्यासारखी भुकटी दिसायला लागली आणि बॉडीच्या कडेला टाचणीने टोचल्यासारखी भोकं. एप्रिलमध्ये वजन साडेचार किलो होतं, आता सव्वाचार भरतं. उभं राहून अर्धा तास वाजवलं की डावा खांदा भरून येतो.

दुसरी अशी होऊ द्यायची नाही. परदेशी लोकांची चर्चा वाचावी तर तिथे अल्डर, अ‍ॅश, महोगनी, बासवुड याच चार नावांभोवती सगळं फिरतं. बाहेरून एक फळी मागवायची तर भाडं आणि कर धरून ती लाकडाच्या किमतीच्या कितीतरी पट पडते. आणि मला ते मनापासून पटतही नाही. आपल्याकडे सुतारकामाची एवढी परंपरा, वाद्यं घडवणारी अख्खी गावं आहेत, आणि एका गिटारीपुरतं लाकूड आपल्या मातीत मिळू नये?

माझ्या मनात तूण, शिवण, साग आणि फणस आहेत. आकार तोच ठेवणार. कोणी यातलं काही वापरलंय का? आणि सुकलेलं लाकूड ओळखायचं कसं, हे आधी सांगा.

वखारवाला

आमची सांगलीला तीन पिढ्यांची लाकडाची वखार आहे. गिटार मला वाजवता येत नाही, पण तुमच्या फळीचं काय झालं ते सांगू शकतो.

"वर्षभर पडून आहे" असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: ओंडका पडून होता की फळी? सालीसकट ओंडका वर्षभर पडला तरी आतून ओलाच राहतो. सुकणं सुरू होतं ते चिरल्यानंतर. तुमच्या काळ्या रेघा पाहा. ती बुरशीची रेघ आहे. लाकूड तोडल्यावर बराच काळ ओलं पडून राहिलं की आंब्यात ती येते. दिसायला सुंदर दिसते, तुमची चूक नाही, पण ती ओलाव्याची पावती आहे.

दुसरं, तुमची गिटार साडेचारची सव्वाचार झाली म्हणता. ते पाव किलो गेलं कुठे? पाणी होतं, उडालं. लाकूड सुकताना रेषेच्या आडवं आकसतं आणि टोकाकडून आधी आकसतं, म्हणून जोड टोकाला उकलला. डिंकाला दोष देऊ नका.

तिसरं, भुकटी. आंब्याच्या लाकडात पिष्ट भरपूर, तेच भुंगेऱ्याच्या अळीचं खाणं. फळी चिरल्याबरोबर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यातून काढली असती तर हे टळलं असतं. आंब्याला हे करावंच लागतं. सागाच्या गाभ्याला लागत नाही.

सुकवण्याचा जुना ठोकताळा असा की हवेवर सुकवायचं तर दर इंच जाडीला एक वर्ष. फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवायच्या, त्या बरोबर एकाखाली एक यायला हव्यात, नाहीतर फळीला पीळ पडतो. दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावायचा, म्हणजे टोकं घाईने सुकून चिरत नाहीत. सावली हवी, वारा हवा, ऊन नको.

सुकलं की नाही हे कळायला यंत्र नसलं तरी चालतं. स्वयंपाकघरातला काटा घ्या. दर रविवारी फळी तोला आणि वहीत लिहा. लागोपाठ तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की ती फळी तुमच्या घराच्या हवेशी जुळली. मगच करवत लावा.

घाई असेल तर एक इंची दोन फळ्या घ्या आणि सपाट बाजूंनी एकमेकींवर चिकटवा. पातळ फळी निम्म्या वेळात सुकते.

सहा तारा

वखारवाला, पाव किलोचा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता. वर्षभर मी जोडाला आणि स्वतःच्या क्लॅम्पना बोल लावत होतो. मनापासून आभार.

सूरसंगत

मी पणजीत राहतो, गेली अठरा वर्षं लग्नांत आणि हॉटेलांत वाजवतोय. माझं मत सरळ आहे: लाकडाने आवाज बदलतो. माझ्याकडे एक अ‍ॅशची आहे, एक महोगनीची. पहिली उघडी, खणखणीत, दुसरी दाट. डोळे मिटून सांगेन.

सागाबद्दल मात्र सावध करतो. एका मित्राने मोडलेल्या घराच्या जुन्या तुळईतून सागाची गिटार करून दिली होती. सुंदर होती, भर पावसाळ्यात सुरातून ढळायची नाही. पण त्याने बॉडी जाड ठेवली होती, पाच किलोच्या वर गेली. चार तासांच्या कार्यक्रमात दुसऱ्या तासानंतर माझं लक्ष सुरापेक्षा पट्ट्याकडे जायचं. शेवटी भिंतीला टांगली.

मिशिगनवासी

सूरसंगत, तुमच्या कानावर अविश्वास नाही, पण त्या दोन गिटारींत लाकडाखेरीज काय काय वेगळं आहे ते मोजा. पिकअप वेगळे असणार, त्यांची तारांपासूनची उंची वेगळी, ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोकं टेकतात तो भाग, वेगळा, कदाचित तारेची लांबीही वेगळी: फेंडर कंपनीची साडेपंचवीस इंच, गिब्सन कंपनीची पावणेपंचवीसच्या आसपास. एवढं सगळं बदलून झाल्यावर उरलेला फरक लाकडाच्या नावावर टाकणं अन्यायाचं आहे.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार त्या चुंबकक्षेत्रात हलते, वेढ्यांत वीज उपजते, तीच अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. लाकूड पिकअपला दिसत नाही. लाकडाचा हात लागतो तो एवढाच की तारेच्या दोन टोकांतून ते तिची थोडी ऊर्जा शोषून घेतं, आणि भरीव बॉडीत हे शोषण फार थोडं असतं. व्हॉल्यूमच्या खुंटीचं मूल्य अडीचशे किलो-ओहमचं पाचशे करून बघा. तेवढ्याने आवाज जितका उजळतो तितका फरक लाकूड बदलून मला कधी ऐकू आलेला नाही.

आता इतिहास बघा, तो मला यापेक्षा बोलका वाटतो. फेंडर कंपनी काढणारे लिओ फेंडर कॅलिफोर्नियात होते. त्यांचे सुरुवातीचे नमुने पाइनचे होते, नंतर अ‍ॅश आलं. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर निघाली तीही अ‍ॅशची. १९५६ मध्ये त्यांनी बहुतेक रंगांसाठी अल्डर धरलं, कारण ते पश्चिम किनाऱ्यावर मुबलक आणि स्वस्त होतं, आणि त्याची छिद्रं बारीक असल्याने रंगाआधी भरत बसावं लागत नसे. अ‍ॅश उरलं ते मुख्यतः रेषा दिसणाऱ्या पिवळसर रंगापुरतं. गिब्सनचा कारखाना तेव्हा आमच्या मिशिगनमध्ये, कॅलामझूला. तिथे मँडोलिन आणि पोकळ गिटारींसाठी महोगनी आणि मेपल होतंच. १९५२ ची लेस पॉल त्यातूनच झाली: खाली महोगनी, वर मेपल. दोघांनी हाताशी होतं ते लाकूड घेतलं, गिटारी गाजल्या, आणि मग त्या लाकडांना सुराचं लाकूड म्हणायची रीत पडली. सहा तारा, तुम्हीही तेच करताय. तुमच्या हाताशी तूण आहे तर तूण घ्या.

जाता जाता अ‍ॅशचं सांगतो, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा चकचकीत किडा २००२ साली डेट्रॉइटजवळ पहिल्यांदा सापडला. मी इथे आलो तेव्हा आमच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅशची झाडं होती. आज एकही नाही. साल सोलली की आत नागमोडी बोगदे दिसायचे, कुणी बोटाने गिरवल्यासारखे. गिटारीला लागणारं हलकं अ‍ॅश मिसिसिपीच्या पाणथळ काठांवरचं. तिथे एकीकडे पूर आणि दुसरीकडे किडा. २०२० मध्ये फेंडरने आपल्या बहुतेक नेहमीच्या गिटारींतून अ‍ॅश काढून टाकलं. सत्तर वर्षांचं हुकमी लाकूड गेलं आणि गिटारी बनतच आहेत.

मिरजेची

हा धागा वाचून राहवलं नाही. माझं माहेर मिरजेचं, घरात सतारी आणि तंबोरे घडवण्याचं काम. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते.

तंबोऱ्याचा भोपळा मंगळवेढ्याकडून येतो, आणि दांडी, तबली (भोपळ्यावर बसणारी लाकडी झाकणी), गळा हे तुणीचं. लहानपणापासून त्या लाकडाचा वास नाकात आहे. रंधा मारला की थोडा मसाल्यासारखा, थोडा देवघरातल्या जुन्या पेटीसारखा वास येतो, आणि भुसा विटेच्या रंगाचा पडतो. बाबांच्या सदऱ्याच्या बाह्या कायम तांबूस असायच्या.

एक फरक मात्र लक्षात घ्या. तंबोऱ्यात लाकूड गातं. तबली इतकी पातळ करतात की बोट टेकवलं तर कंप कळतो. तार हलते आणि तिच्याबरोबर सगळं वाद्य हलतं. तुमच्या भरीव गिटारीत उलटं काम आहे. तिथे लाकडाने गप्प राहायचं आणि तारेला तिच्या जागी धरून ठेवायचं. त्यामुळे आमच्याकडे तबलीसाठी जी फळी कारागीर वाजवून वाजवून निवडतात तशी तुम्हाला लागणार नाही. सरळ रेषेची, गाठ नसलेली, जुनी फळी बघा. एवढं पुरे.

तूण का घ्यावी तर हलकी, सुकल्यावर शांत राहणारी, आणि गाभ्याला कीड सहसा लागत नाही. तोटेही सांगते. मऊ आहे, नखाने वळ उठतो. राउटरचं पातं बोथट असेल तर कडा कापसासारख्या फुलतात, म्हणून नवं पातं लावा आणि एका वेळी थोडं थोडं खोल जा. आणि स्क्रू. नेकचे चार स्क्रू दोन-तीनदा काढले-घातले की तुणीत आटे झिजतात. बाबांनी माझ्या भावाच्या गिटारीत ब्रिजखाली आणि नेकच्या खाचेत शिसवाचे ठोकळे आडव्या रेषेने बसवून दिले होते. बारा वर्षं झाली, हललेले नाहीत.

मिरजेला आलात तर आमच्या माळ्यावर सहा-सात वर्षांच्या फळ्या आहेत. एक नक्की देऊ.

सहा तारा

ताई, येतोच!

मधल्या काळात एक हिशेब केला. आकार आलेखाच्या कागदावर काढून चौकोन मोजले. साधारण ९२० चौरस सेंटिमीटर भरले. जाडी साडेचार सेंटिमीटर, खाचा वजा केल्या की बॉडी चार लिटरला थोडी कमी. म्हणजे लाकडाच्या एका लिटरला किती वजन, तेवढंच बघायचं. तूण आणि शिवण लिटरला अर्ध्या किलोच्या आसपास, अल्डरही त्याच घरात. फणस सहाशे ग्रॅमच्या जवळ, महोगनी तशीच. साग साडेसहाशे, आंबा त्याहून किंचित जास्त, शिसव आठशेच्या वर. तुणीची बॉडी दोन किलोच्या आत येते, सागाची अडीच किलोच्या पुढे, शिसवाची तीनच्या वर. नेक, खुंट्या, ब्रिज, पिकअप सगळं मिळून दीड किलो धरा.

हा हिशेब फळी घेण्याआधी केला असता तर आंबा मी दोन इंची घेतलाच नसता.

शिवणीबद्दल अजून कोणी बोललं नाही.

पानगळ

मी वनशास्त्राची, सध्या चंद्रपूरकडे आहे. शिवण उत्तम आहे. फिकट पिवळी, हलकी, आणि हवा बदलली तरी फार कमी हलते; वाद्यांसाठी पूर्वीपासून वापरतात. अडचण एवढीच की चांगल्या रुंदीची, सरळ फळी वखारीत सहज दिसत नाही. दिसली तर सोडू नका. वखारीत कोणी तिला गमारी म्हणेल, गोंधळू नका, तेच झाड.

पांगाऱ्याचा विचार कोणी करत असेल तर करू नये. सावंतवाडीच्या खेळण्यांना तो योग्य, पण गिटारीला इतका हलका आणि भुसभुशीत असतो की स्क्रू धरणार नाही, आणि बॉडी नेकपेक्षा हलकी झाली की हात सोडल्याबरोबर नेक जमिनीकडे जातो.

आता कायद्याचं, कारण यात लोक नकळत अडकतात. आंबा, फणस, साग ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या बांधावरचं झाड तोडायलाही परवानगी लागते. वखारीतून घेतलंत तर पावती घ्या आणि जपून ठेवा.

फ्रेटबोर्डसाठी, म्हणजे नेकवर बोटं टेकतात त्या पट्टीसाठी, शिसव घेणार असाल तर आणखी एक. २ जानेवारी २०१७ पासून ब्राझीलचं सोडून शिसवाच्या वंशातल्या सगळ्या जाती साइट्स, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. ब्राझीलचं शिसव तर १९९२ पासून त्याहून कडक अशा पहिल्या परिशिष्टात. तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून बरीच सूट मिळाली, म्हणून गिटार घेऊन विमानात बसायला पूर्वीसारखी धास्ती नाही. सुटी फळी मात्र परदेशी मित्राला भेट म्हणून पाठवू नका. २०११ साली गिब्सनच्या कारखान्यांवर अमेरिकेत धाड पडली होती ती भारतातून गेलेल्या शिसवाच्या आणि एबनीच्या पट्ट्यांवरूनच.

माझी स्वतःची इच्छा विचाराल तर नवं झाड पडूच नये. पुण्यात वाडे उतरतात तेव्हा निघणारं सागवान, जुन्या पलंगाच्या पाट्या, शाळेचे बाक, यांत कित्येक गिटारी आहेत.

वखारवाला

पानगळताईंना दुजोरा. फक्त जुन्या लाकडात मोडलेले खिळे असतात. रंध्याआधी लोहचुंबक फिरवा. आणि साग तेलकट असतो. चिकटवायच्या आधी थिनरने पुसून लगेच डिंक लावा, नाहीतर तोच जोड पुन्हा उकलेल.

साग जड पडतो त्यावर उपाय आहे. आतून पोकळ्या काढा, वरून पातळ फळी चिकटवा. अर्धा किलो सहज वाचतं.

मिशिगनवासी

जुन्या लाकडाचं निघालंय तर क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांची गिटार आठवते. १९६३ साली सोळाव्या वर्षी वडिलांबरोबर घरी बनवायला घेतली. नेकला जुन्या शेकोटीच्या चौकटीची महोगनी, बॉडीत जुन्या टेबलाचा ओक आणि ब्लॉकबोर्ड. चौकटीच्या लाकडात किड्याची भोकं होती, ती काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. त्याच गिटारीवर ते आयुष्यभर वाजवत आले. सहा तारा, आंब्याची भोकं बुजवता येतात बरं! आधी कीड मारा मात्र.

सूरसंगत

आणि त्या गिटारीशेजारी गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला. तिथेच त्याचा पहिला बँड झाला. हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मिशिगनवासी, खुंटीचा प्रयोग करून पाहिला. फरक पडला, खूप पडला, कबूल. तरी एक सांगतो. गिटार वाजवताना ती माझ्या बरगड्यांना टेकलेली असते. अ‍ॅशची टेकली की तिचा कंप छातीत लागतो आणि मी वेगळा वाजवतो. तो फरक पिकअपमध्ये नसेल, माझ्या हातात असेल, पण समोरच्याला ऐकू जातो तो माझा हातच ना?

मिशिगनवासी

याला माझ्याकडे उत्तर नाही. हे मी मानतो.

सहा तारा

मिरजेला जाऊन आलो. ताईंच्या बाबांनी माळ्यावरून चार फळ्या खाली काढल्या, एकेक उचलून टोकाकडून डोळा लावून पाहिली आणि तिसरी माझ्या हातात दिली. वीस इंच लांब, चौदा रुंद, दोन जाड, एकसंध, जोडाची गरजच नाही. पैसे घेताना म्हणाले, "पुण्याची हवा वेगळी, लगेच कापू नकोस." ब्रिजखालचे शिसवाचे दोन ठोकळे त्यांनी स्वतः कापून, कडा घासून दिले, कागदात गुंडाळून ठेवलेत.

फळी पलंगाखाली दोन पट्ट्यांवर ठेवली आहे, टोकांना मेण लावून. आल्या दिवशी ४ किलो ६४० ग्रॅम होती. मग ४ किलो ६१०, ४ किलो ५९०, ४ किलो ५७५, ४ किलो ५६५. गेल्या रविवारी ४ किलो ५६०, आणि आज सकाळी पुन्हा ४ किलो ५६०. आणखी दोन रविवार थांबतो.

आंब्याच्या गिटारीची भोकं औषध घालून बंद केली, महिनाभर भुकटी दिसलेली नाही. फटीत त्याच लाकडाची चिप बसवायची आहे. ती कुठल्या डिंकाने बसवू, वखारवाला?